गाडी नसलेल्यांचं पेट्रोल कार्ड

आमच्या घरात पेट्रोलवर दुप्पट पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड आलं तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. सायकल होती, पण तिला हवेशिवाय काही लागत नसे, आणि हवेवर पॉइंट देणारी बँक अजून निघाली नव्हती.

मला वेड लागलं नव्हतं. या सगळ्याच्या मुळाशी आईचं मनगट होतं. आदल्या पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून पाय घसरून आई पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हातात पूर्वीचा जोर आला नाही. आणि आमच्या घरी तर वाटणाशिवाय चूल पेटत नाही. वालाचं बिरडं असो, सुकटीचं कालवण असो, खोबरं-मिरची-लसूण पाट्यावर वाटायचं म्हणजे वाटायचंच. आई एका हाताने वरवंटा रेटायची, दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरायची आणि मधूनमधून तोंडाने 'स्स' करायची. तो 'स्स' ऐकत मला जेवावं लागे.

"मग सुनंदाने वाटावं," असं तुम्ही म्हणाल. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तेच म्हणत होती. पण आईने तिला एकदा वाटू दिलं, बोटाने चाखून बघितलं आणि "भरड राहिलंय गो" असा निकाल दिला. त्यानंतर पाट्यावर दुसऱ्या कोणाला बसायची परवानगी नव्हती.

उपाय एकच होता, मिक्सर. पण मिक्सर आणि आई यांच्यामध्ये आमचे बाबा उभे होते. बाबांचं म्हणणं, मशीनचं वाटण करपतं, त्याला चव राहत नाही, आणि त्यांच्या हयातीत ती वस्तू पैसे देऊन या घरात येणार नाही. मी एकदा विषय काढला तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (ते तसेही फार बोलत नसत, त्यामुळे ते रागावलेत हे मला आईने सांगितलं तेव्हा कळलं.)

मात्र बाबांचं आणखी एक तत्त्व होतं. फुकट आलेली वस्तू ते कधीही नाकारत नसत. साबणाबरोबर आलेला कंगवा त्यांनी डोक्यावर एक केस नसताना जपून ठेवला होता. चहापावडरीवर बादली मिळते म्हणून आम्ही सबंध उन्हाळा जो चहा प्यायलो त्याला गुरांनीही तोंड लावलं नसतं. तेव्हा मिक्सर आणायचा तर तो फुकट आला पाहिजे, हे उघड होतं.

मी तेव्हा ठाण्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. तिथल्या एका सहकाऱ्याने मला क्रेडिट कार्डाची विद्या दिली. कार्डाने खर्च करायचा, पॉइंट जमवायचे आणि पॉइंटवर वस्तू मागवायची. त्याच्या घरी अशी इस्त्री आली होती. मी म्हटलं, इस्त्री येते तर मिक्सर का नाही येणार? आणि पुढच्याच रविवारी बँकेचा एजंट कल्याणहून मोटरसायकलवर आमच्या गावात दाखल झाला.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधे, दोन्हींपासून सारखंच गैरसोयीचं. भर उन्हात टाय लावून आलेला तो एजंट बघायला अर्धी आळी आमच्या अंगणात जमली. त्याने दोन तांबे पाणी रिचवलं, टाय सैल केला आणि ओटीवर तीन कार्डांची पत्रकं मांडली.

"हे ट्रॅव्हल कार्ड," तो म्हणाला, "यावर विमानाचं तिकीट मिळतं."

"विमान इथं थांबतं कुठं?" बाबांनी विचारलं.

एजंटने ते पत्रक उचलून ठेवलं.

"हे कॅशबॅक कार्ड. तुम्ही खर्च कराल त्यातले थोडे पैसे बँक तुम्हाला परत देणार."

"आमचेच?"

"हो, म्हणजे तुम्हीच खर्च केलेले."

"परत द्यायचे हायत तर घेता कशाला?" बाबा म्हणाले. एजंटला याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलेलं नसावं.

मी सावरायला गेलो. म्हटलं, रोजच्या खर्चाला हे बरं पडेल. त्यावर सुनंदाने आमचा रोजचा खर्च बोटांवर मोजायला घेतला. "तांदूळ आपल्या शेतातला. दूध आपल्या म्हशीचं. भाजी धसईच्या बाजारातली. सुकट त्या टोपलीवाल्या मावशीकडची. राहिलं रॉकेल, ते रेशनचं. यातलं कोण कार्ड घेतं सांगा बरं. मावशीला विचारून येऊ का?"

"कल्याणला मोठं एसी दुकान झालंय मॅडम, तिथं चालतं," एजंट म्हणाला.

"कल्याणला जायला दोन गाड्या बदलायच्या आणि परत काय मिळणार, तर एका बाजूचं तिकीट," सुनंदा म्हणाली. (लग्नाआधी तिने काही काळ पतपेढीत काम केलं होतं. ही गोष्ट मी नेहमी उशिरा आठवतो.)

तिसरं पत्रक पॉइंटचं होतं. भेटवस्तूंच्या पानावर एक पांढराशुभ्र मिक्सर, तीन भांड्यांचा, शेजारी हसणारी बाई. पेट्रोल-डिझेलवर दुप्पट पॉइंट. आणि आमच्या पंचक्रोशीत कार्ड घासायचं मशीन होतं ते एकाच ठिकाणी, शहापूरच्या हायवेवरच्या पेट्रोल पंपावर. मी मिक्सरच्या चित्रावर बोट ठेवलं आणि बाबांना दिसणार नाही असं एजंटला खुणावलं. गाडीबद्दल त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. (पंपावर कार्ड वापरलं की वर थोडा जादा आकार लागतो, हे पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. मी मुंग्या वाचत नाही.)

कागदांच्या झेरॉक्स काढायला मी नाक्यावर गेलो. परत आलो तर एजंट आणि बाबा यांच्यात काही कुजबुज चालली होती. बाबांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याने मान डोलावली. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मिक्सर फिरत होता.

डिझेलचा प्रश्न मी आधीच सोडवला होता. शेजारचा बाळाराम शहापूर ते मुरबाड जीप चालवायचा. लहानपणी तो स्वतःच्या घरापेक्षा आमच्या चुलीपाशी जास्त जेवला होता. त्याला मी सगळं सांगितलं. डिझेल त्याने भरायचं, कार्ड मी घासायचं, पैसे त्याने मला रोख द्यायचे, पॉइंट आईच्या मिक्सरला.

"काकीसाठी ना? मंग दुसऱ्या गाडीवाल्यांना पण सांगतो," बाळाराम म्हणाला. "फक्त काकांना सांगायचा नाय."

"अजिबात नाय," मी म्हटलं. आठवड्याभरात ही गुप्त गोष्ट बाबा सोडून अख्ख्या गावाला माहीत झाली.

आणि मग कार्ड आलं. ते आलं तेव्हा मी ठाण्याला होतो, ही या कथेतली खरी दुर्घटना.

आमच्या घरात कुठलाही कागद आला की त्यावर कर्त्याची सही व्हायची. सातबारा असो, शाळेचं प्रगतिपुस्तक असो, नाहीतर गॅसवाल्याची पावती. माझी स्वतःची लग्नपत्रिका छापखान्यात जाण्याआधी बाबांनी तिच्यावर खाली सही केली होती. पाकीट उघडून बाबांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. मागे सहीसाठी पांढरी पट्टी. सही करा म्हणून जागा सोडलेली, आणि घरात कर्ता हजर! बाबांनी चष्मा लावला, सुनंदाकडून बॉलपेन घेतलं आणि 'गणपत' असं ठसठशीत लिहिलं. पट्टी संपली तरी सही संपली नव्हती, म्हणून ती पुढे कोऱ्या प्लॅस्टिकवर गेली.

संध्याकाळी मी डोक्याला हात लावून बसलो. "बाबा, अहो, कार्ड माझं हाय ना. माझं नाव हाय त्याच्यावर."

बाबांनी कार्ड उजेडाकडे धरलं. ट्रकच्या पाट्या वाचून वाचून त्यांना मोठी इंग्रजी अक्षरं ओळखता यायची. "सुरेश गणपत देसले. यात सुरेश तुझं. गणपत माझं. देसले तर माझ्या बापाकडनं आलाय. मंग जास्ती नाव कोणाचं हाय?"

बँकेला कळवलं असतं तर नवीन कार्ड यायला महिना गेला असता, आणि आतून आईचा 'स्स' ऐकू येत होता. मी ठरवलं, आपण बाबांची सही शिकू. रात्री जेवण झाल्यावर चार पानं भरून 'गणपत' लिहिलं. बाबांच्या 'ण'ला जो बाक होता तो पन्नास वर्षं नांगर धरल्याशिवाय येण्यातला नव्हता. पंपावरच्या माणसाने माझी पहिलीच सही कार्डाशी ताडून पाहिली आणि म्हणाला, "ही नाय जुळत. ज्याची हाय त्याला घेऊन या."

म्हणून बाबांना घेऊन जावं लागलं.

बाळारामची जीप, पुढच्या सीटवर बाबा, मागे मी. बाबांना सांगितलं होतं की बाळारामला रोख पैसे बाळगायची भीती वाटते म्हणून आपण मदत करतोय. टाकी भरली, कार्ड घासलं, मशीनमधून चिठ्ठी निघाली. पंपवाल्याने पेन पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही.

"वाच आधी," ते म्हणाले.

"काका, डिझेलची पावती हाय."

"ती तू म्हणतोस. कागदावर काय हाय ते वाच."

आमच्या एका चुलत आजोबांनी न वाचता कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला आणि त्यात त्यांचं आंब्याचं झाड गेलं, तेव्हापासून बाबा वाचून घेतल्याशिवाय सही करत नसत. पंपवाल्याने मागे लागलेली ट्रकची रांग पाहिली आणि भराभर वाचलं.

"जमिनीचं काय नाय ना यात?"

"नाय हो काका. नुसतं डिझेल."

"साक्षीदार कोण?"

"कसला साक्षीदार?"

"सहीला साक्षीदार लागतो. आमी काय पहिल्यांदा सही करतोय?" बाबांनी आपली सही केली आणि तिच्याखाली बाळारामला करायला लावली. पाठीमागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले आणि खाली उतरून चहा प्यायला गेले.

मला वाटलं होतं की बाबा एका फेरीत कंटाळतील. झालं उलटंच. गुडघे धरल्यापासून त्यांचं शेतात जाणं कमी झालं होतं आणि ते ओटीवर बसून रस्त्याने जाणाऱ्याला नावं ठेवायचे. आता सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कार्ड वरच्या खिशात ठेवून ते रस्त्यावर उभे. आज बाळारामची जीप, उद्या भाजीचा टेम्पो, परवा कुणाचा तरी ट्रॅक्टर. गाडीवाले त्यांना पुढची सीट देत. टेम्पोबरोबर ते धसईचा बाजार करून येत, एकदा तर वैशाखऱ्यापर्यंत जाऊन आले आणि घाट लांबून कसा दिसतो हे आम्हाला तिखटमीठ लावून सांगितलं. त्यांची भूक वाढली. त्यांनी आईला दोन वेळा हसून हाक मारली, तेव्हा ती घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून आली.

मीही खूश होतो. पॉइंट वाढत होते, आणि मी ठाण्याला बसून ते फोनवर विचारून घेत होतो. (गाडीवाल्यांनी दिलेले रोख पैसे जसेच्या तसे बँकेत भरायचे, हे काम सुनंदाने माझ्याकडून काढून घेतलं होतं. बरं केलं.) अखेर मिक्सर एका मोठ्या टाकीइतकाच लांब राहिला. आणि त्याच आठवड्यात गावातल्या महादूच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी तानशाकडची. वऱ्हाडाच्या दोन जीपा आणि एक टेम्पो, तिघांच्या टाक्या पंपावर भरायच्या. मी उत्साहाने मिक्सरची मागणी आधीच नोंदवून टाकली.

पंपावर वऱ्हाड थांबलं. तिन्ही गाड्या भरल्या, कार्ड घासलं, सगळ्यांची मिळून एक चिठ्ठी आली. बाबांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. खिशात चष्मा नव्हता. नवा फेटा बांधण्याच्या गडबडीत तो घरी राहिला होता.

"मी वाचतो," मी म्हटलं.

"तू नको. कार्ड माझं म्हणून भांडणारा तूच ना? तुझा यात संबंध हाय, नि पंपवाल्याला पैसे मिळायचे हायत. तिऱ्हाईत पायजे."

"काका, ठोका ना सही, मुहूर्त चाललाय," बाळाराम काकुळतीला आला.

"मुहूर्त दुसरा काढता येतो. जमीन दुसरी येत नाय."

वऱ्हाडात इंग्रजी वाचता येणारा तिऱ्हाईत एकच निघाला, तो म्हणजे नवरदेव. मुंडावळ्या बाजूला सारून, घामाघूम होत त्याने डिझेलची पावती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून मानाने नवरदेवाच्या मामाला पेन दिलं.

इथे खरा घोळ झाला. लग्नाच्या वऱ्हाडात मामाला मान दिला आणि आत्याच्या नवऱ्याला दिला नाही, असं कुठे चालतं का? आत्याचा नवरा टेम्पोच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला.

"आमी काय नुसतं जेवायला आलोय?"

त्याला समजावून त्याची सही घेतली. मग मोठ्या काकांची राहिली. मोठ्या काकांची घेतली तर धाकट्यांचं काय चुकलं? चिठ्ठीची पुढची बाजू भरली, मग मागची. नवरदेवाच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यासाठी कुणीतरी करवलीच्या कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवून दिला.

"काका, ही बँकेत पाठवायची असते," पंपवाला रडवेला झाला.

"पाठव की. आता पक्की झाली," बाबा म्हणाले. मुहूर्त कसाबसा गाठला. मंगलाष्टकं चालू असताना मी अक्षता टाकत मनातल्या मनात मिक्सर लावला आणि बंद केला.

बँकेचा फोन रविवारी सकाळी आला. आमच्या फोनला स्पीकर होता आणि तो बंद करायचं बटण आत रुतून बसलं होतं, त्यामुळे आमच्याकडे आलेला फोन हा आळीला आलेला फोन असायचा.

"मिस्टर सुरेश देसले? तुमचं कार्ड आम्ही थांबवलंय, सर," एक तरुण मुलगी बोलत होती, अतिशय गोड आवाजात. "एका स्लिपवर खूप सह्या आहेत. एक अंगठा पण आहे. तो कुणाचा?"

"नवऱ्यामुलाच्या आजोबांचा," मी खरं सांगितलं.

"सर, खात्री पटेपर्यंत तुम्ही मागवलेला मिक्सरसुद्धा पाठवता येणार नाही."

बाबा ओटीवरून उठून आत आले. "कोणाचा मिक्सर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आईसाठी मागवलाय," मी म्हटलं. "तिच्या हातानं होत नाय, बाबा. तुम्हाला दिसत नाय का? ती वाटते नि मला घास गिळवत नाय." आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, मनगट पदरात लपवून.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पैसे दिलेस?"

"नाय. पॉइंटवर येतोय. फुकट."

"फुकट?" बाबा एकदम फोनकडे वळले. "ओ बाई, फुकट दिलेली वस्तू थांबवता कशी तुमी?"

"खात्री पटली की पाठवू, काका. सर, तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव सांगा."

हे सोपं होतं. मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. जुळलं नाही. मी पार्वती म्हटलं, जे रेशनकार्डावर आहे. तेही जुळलं नाही. "आता एकदाच विचारता येईल, सर. नाहीतर कार्ड बंद होईल," मुलगी म्हणाली.

तेव्हा मला आठवली ती ओटीवरची कुजबुज. "बाबा, एजंटनं तुम्हाला विचारलं होतं का? काय सांगितलंत त्याला?"

"खरं तेच सांगितलं. त्याच्या कानात."

"काय?"

बाबांनी खाली बघितलं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, आणि तिचं माहेरचं नाव तिथेच संपतं. ते नाव मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. शिवाय बाबा आईचं नवं नावसुद्धा उच्चारत नसत. 'अगो' किंवा 'सुरेशची आय', एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता.

"असं चारचौघांत नाव घेत नाय कुणी," ते पुटपुटले. खिडकीतून बाळारामची बायको वाकून बघत होती. तिच्या मागे आणखी कोणकोण होतं.

"काका, मी थांबते," फोनमधली मुलगी म्हणाली. बहुधा तिच्याही घरी असेच कुणी बाबा असावेत.

बाबांनी आईच्या पदराकडे पाहिलं, ज्यात ते मनगट होतं. मग फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला, घसा खाकरला आणि फोनसमोर ताठ उभं राहून म्हणाले,

"तानशाचं पाणी मुंबईला जातं मोठ्या पायपातून,
यमुनेचं नाव घेतो टेलिफोनच्या तारेतून."

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. साठीतली बाई अशी पळताना मी पहिल्यांदा बघितली. खिडकीबाहेर टाळ्या पडल्या. फोनमध्ये मात्र काहीच ऐकू येईना, आणि मला वाटलं, गेलं कार्ड. मग लक्षात आलं की ती मुलगी हसू दाबते आहे.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "मिक्सर पाठवते. सर, नवीन कार्डपण येईल. त्याच्या मागे प्लीज तुम्ही स्वतः सही करा."

यमुना. मी दिवसभर ते नाव मनात घोळवत होतो. एवढं चांगलं नाव आपल्या घरात होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं, आणि बाबांना ते जसंच्या तसं आठवत होतं याचा त्याहून जास्त आनंद झाला.

मिक्सर आला. खोका उघडायला बाबाच पुढे. तीनही भांडी, हसणारी बाई खोक्यावर. सुनंदाने प्लग लावला, आईने खोबरं-मिरची घातली, बाबांनी स्वतः बटण फिरवलं. काहीही झालं नाही. भारनियमन! सकाळचे तीन तास आमच्याकडे वीज नसायची, हे मिक्सर फुकट मिळवण्याच्या भरात मी विसरलो होतो.

बाबा वाट बघून भाजीच्या टेम्पोबरोबर निघून गेले. (कार्ड गेलं तरी सीट राहिली होती.) जेवणवेळ होत आली. आई नाइलाजाने पाट्याकडे वळली तसा मी पुढे झालो. "सरक गो आई, मी वाटतो."

"तुला जमंल?"

"सांग तू, कसं धरायचं."

ती शेजारी पाटावर बसली, हात मांडीवर ठेवून. मी वाटत होतो आणि ती सांगत होती, जोर खांद्याचा लाव, पाणी कमी घाल. शेवटी तिने बोटाने चाखलं. सुनंदा माझ्यामागे उभी होती. वाटणात मिरचीच्या बिया अख्ख्या दिसत होत्या.

"मऊ झालंय रे," आई म्हणाली. सुनंदा तडक अंगणात गेली.

दुपारी बाबा जेवायला बसले. पहिला घास घेऊन थांबले. "उगाच नको म्हणत होतो मी," ते म्हणाले. "चांगलं वाटतं की मशीन." आईने माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. त्यांना खरं सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेलीच नाही. आईने खरोखरच्या मिक्सरवर वाटण केलं. बाबांनी घास तोंडात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. हात थांबवून ते आईला म्हणाले, इतक्या मायेने की मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, "आज पाट्यावर वाटलंस ना गो? कळतं मला. मनगट दुखवून घेऊ नको. यापुढं रोज मशीनवरच वाट."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे अशा काही आशेने बघितलं की मी मान हलवली.

तेव्हापासून बाबांच्या लेखी आमच्या घरी वाटण मशीनवरच होतं. आईचं मनगट पूर्ण बरं आहे. मिक्सर खोक्यात आहे, नवाच्या नवा, त्याला दोन वर्षांची वॉरंटी होती. मी मात्र रोज ठाण्याला निघण्याआधी खोबरं वाटून जातो, आणि मला कसलीच वॉरंटी नाही.